कणा आणि फाटे : पिंपरी-चिंचवडची बस समजून घेताना

पिंपरी-चिंचवडमध्ये नव्याने राहायला आलेला माणूस बसबद्दल पहिला प्रश्न विचारतो तो असा : "इथून तिकडे थेट बस आहे का?" बहुतेक वेळा उत्तर मिळते, "आहे, पण तासातून एखादी." तो थांब्यावर वाट बघतो, कंटाळतो, महिनाभरात दुचाकीचा हप्ता सुरू करतो आणि बसचा नाद सोडून देतो. या शहरात बसने फिरायचे असेल तर प्रश्न बदलावा लागतो. थेट बस कुठली, हे विचारण्याआधी आपल्या जवळून सतत बस धावणारा रस्ता कुठला आणि तो कुठल्या चौकापर्यंत नेतो, हे शोधायला हवे. त्यासाठी आधी शहराचा आकार कळायला हवा.

शहराचा आकार

पुण्याच्या पेठा नदीकाठी गोलाकार वाढल्या. पिंपरी-चिंचवड मात्र लांबट वाढले. जुना मुंबई-पुणे रस्ता आणि त्याच्या सोबतीने जाणारा लोहमार्ग या दोन रेघांवर हे शहर उभे राहिले. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची पायाभरणी झाली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि साठच्या दशकात भोसरी, पिंपरी, आकुर्डी या पट्ट्यात कारखान्यांची रांग लागली. टेल्को आणि बजाज ही नावे घराघरांत पोचली ती याच काळात. 4 मार्च 1970 रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली, 11 ऑक्टोबर 1982 रोजी महापालिका झाली आणि 1997 मध्ये आसपासची अठरा गावे तिच्यात आली.

या इतिहासाचा बसशी थेट संबंध आहे. कारखाने महामार्गालगत होते, म्हणून बसचा मुख्य मार्गही महामार्गच झाला : निगडी, आकुर्डी, चिंचवड स्टेशन, मोरवाडी, पिंपरी, वल्लभनगर, नाशिक फाटा, कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी. हा या शहराचा कणा. नंतर जोडली गेलेली गावे या कण्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहेत. पवनेच्या पलीकडे वाकड, थेरगाव, रहाटणी, काळेवाडी आणि पिंपळे नावाच्या तिन्ही वस्त्या, तर इंद्रायणीच्या बाजूला चिखली, तळवडे, मोशी, चऱ्होली. कण्यावर बस भरपूर, फाट्यांवर कमी, आणि एका फाट्यावरून दुसऱ्या फाट्यावर थेट जाणारी सर्वांत कमी. शहराची घडणच अशी आहे, त्यामुळे प्रवासाचे गणितही तिच्याप्रमाणे मांडावे लागते.

दोन संस्थांची एक संस्था

पुण्यात महापालिकेची परिवहन सेवा 1950 पासून होती, तिला लोक पीएमटी म्हणत. पिंपरी-चिंचवडची स्वतःची सेवा, पीसीएमटी, 1974 मध्ये सुरू झाली. कामगार पिंपरीत नोकरीला आणि राहायला खडकीला, मुलगी आकुर्डीत घरी आणि शिकायला शिवाजीनगरला, असे हजारो लोक रोज हद्द ओलांडत होते, पण बस मात्र दोन वेगवेगळ्या घरच्या. 2007 मध्ये दोन्ही संस्था एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. लोकांच्या तोंडी ती 'पीएमपी'. कंपनीत पुणे महापालिकेचा वाटा 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा 40 टक्के. बस चालवताना येणारी तूटही दोन्ही महापालिका याच प्रमाणात उचलतात. मुख्यालय स्वारगेटला आहे.

ही 60-40 ची विभागणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. बस कुणाच्या पैशांवर धावते, हे कळले की ती कुठे धावणार आणि कुठे कमी पडणार, हेही पुष्कळसे कळते. चाकणच्या संदर्भात हा मुद्दा पुढे येईल.

पाटी वाचायला शिकणे

बसच्या पाटीवर मार्ग क्रमांक आणि शेवटचा थांबा असतो. नवखा माणूस चुकतो तो बहुतेक करून शेवटच्या थांब्याच्या नावात. पिंपरीत उभे असताना 'मनपा' लिहिलेली बस आली तर ती पिंपरीच्या महापालिकेला जात नाही. ती पुणे महापालिका भवनाजवळच्या स्थानकाला जाते. पिंपरी-चिंचवड महापालिकेसाठी पिंपरी किंवा मोरवाडीला उतरावे लागते.

तसेच चिंचवडगाव आणि चिंचवड स्टेशन ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. चिंचवडगावचा थांबा चापेकर चौकाच्या, मोरया गोसावींच्या समाधी मंदिराच्या बाजूला. चिंचवड स्टेशन महामार्गावर. देहूगाव हे तुकोबांचे देहू, तर देहूरोड हा छावणीचा आणि रेल्वे स्टेशनचा भाग. दोन्हींत काही किलोमीटरांचे अंतर आहे. पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर आणि पिंपळे निलख या तीन जवळजवळच्या पण वेगळ्या वस्त्या. कंडक्टरला नुसते "पिंपळे" सांगितले तर तो उलट प्रश्न विचारेल, आणि तो विचारतो हे आपल्या भल्याचेच असते.

काही क्रमांक वर्षानुवर्षे टिकून आहेत आणि ते शहराची रचनाही सांगतात. 123 निगडी ते मनपा, म्हणजे सरळ कण्यावरून. 122 चिंचवडगाव ते मनपा. 298 कात्रज ते चिंचवडगाव, म्हणजे दक्षिण टोकाला उत्तरेशी जोडणारा. 100 मनपा ते हिंजवडी माण फेज तीन, संगणक उद्योगातल्या नोकरदारांनी भरून वाहणारा. मार्ग अधूनमधून बदलतात, त्यामुळे बसमध्ये पाय ठेवताना कंडक्टरला ठिकाण विचारून घेण्याची सवय कधीही वाया जात नाही.

चढण्या-उतरण्याचा साधा नियम असा : नेहमीच्या बसमध्ये मागच्या दाराने चढायचे, पुढच्या दाराने उतरायचे. डावीकडची आसने महिलांसाठी. आपल्या थांब्याच्या एक थांबा आधीच पुढे सरकून उभे राहायचे. ऐन गर्दीच्या वेळी मागून पुढे यायला लागणारा वेळ नवखे लोक नेहमी कमी धरतात.

वेगळ्या मार्गिकेचा उपयोग

पुण्यात बीआरटीचा, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकेचा, पहिला प्रयोग 2006 च्या डिसेंबरमध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर झाला. तो अर्धवट राहिला आणि त्यावर पुष्कळ टीका झाली. पुढे 2015 मध्ये 'रेनबो' नावाने सुधारित रचना आली. तिच्यातले सांगवी-किवळे आणि नाशिक फाटा-वाकड हे दोन मार्ग पिंपरी-चिंचवडमध्ये आहेत. महामार्गावरचा दापोडी-निगडी मार्ग मात्र सुरक्षेच्या प्रश्नावरून न्यायालयात अडकला आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला.

बीआरटीचे तत्त्व सोपे आहे. बसला वेगळी मार्गिका, बसच्या पायरीच्या उंचीचा फलाट आणि रस्त्याच्या मध्यावर थांबे. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने ही वाट 1974 मध्ये दाखवली. कोलंबियातल्या बोगोटाने 2000 मध्ये ती मोठ्या प्रमाणावर उभी केली आणि अहमदाबादने 2009 मध्ये ती आपल्याकडे यशस्वी करून दाखवली. वेगळी मार्गिका का, याचे उत्तर माणसे मोजली की मिळते. बारा मीटर लांबीची बस रस्त्यावर दोन-तीन मोटारींएवढी जागा व्यापते आणि साठ माणसे नेते. तेवढ्या मोटारींतून जेमतेम चार-पाच माणसे जातात. साठ माणसांना चार-पाच माणसांच्या मागे अडकवून ठेवणे अन्यायाचे आहे. म्हणून बसच्या मार्गिकेत दुचाकी घालणारा माणूस आपली दोन मिनिटे वाचवतो आणि बसमधल्या सगळ्यांची मिनिटे खातो.

प्रवाशाच्या दृष्टीने या मार्गांचा खरा फायदा जोडण्यांत आहे. नाशिक फाटा-वाकड रस्ता आणि सांगवी-किवळे रस्ता जगताप डेअरीच्या साई चौकात एकमेकांना छेदतात. काळेवाडी फाटा आणि डांगे चौक हेही असेच जोडचौक. चिखलीत राहणाऱ्या आणि हिंजवडीत काम करणाऱ्या माणसाने थेट बसची वाट पाहण्यापेक्षा चिंचवडला यावे, डांगे चौकाकडची बस धरावी आणि तिथून हिंजवडी गाठावी. ज्याने निगडी, मोरवाडी, नाशिक फाटा, भोसरी, डांगे चौक, काळेवाडी फाटा आणि जगताप डेअरी ही सात ठिकाणे नकाशावर ओळखली, त्याने पिंपरी-चिंचवडची बस निम्मी शिकली असे समजावे.

तिकिटाचे गणित

1 जून 2025 पासून पीएमपीचे भाडे पाच किलोमीटरच्या टप्प्यांनी आकारले जाते. पहिल्या पाच किलोमीटरला 10 रुपये, दहापर्यंत 20, पंधरापर्यंत 30, वीसपर्यंत 40, असे तीस किलोमीटरला 60 रुपये. त्यापुढे टप्पे दहा किलोमीटरचे. बस बदलली की नवे तिकीट काढावे लागते, आधीचे तिकीट पुढच्या बसला चालत नाही. म्हणजे जोडचौकात बस बदलून वेळ वाचवणाऱ्याला जास्त पैसे मोजावे लागतात.

यावरचा इलाज दैनंदिन पास. दोन्ही महापालिकांच्या हद्दीसाठी तो 70 रुपयांना मिळतो. एका फेरीत 20 रुपयांच्या दोन बस बदलणाऱ्याला जाऊन-येऊन 80 रुपये लागतात. पासवर तोच प्रवास 70 रुपयांत होतो आणि मधे बाजारात उतरता येते, ते वेगळे. मासिक पास 1500 रुपयांचा. महिन्याला सव्वीस दिवस कामावर जाणाऱ्याला तो दिवसाला 58 रुपयांच्या आसपास पडतो. हिशेब सरळ आहे : रोजचा खर्च साठ रुपयांच्या वर जात असेल आणि आठवड्याचे सहा दिवस प्रवास असेल, तर मासिक पास काढावा. पास हातात आला की बस बदलण्याची धास्ती जाते आणि मग शहर खऱ्या अर्थाने खुले होते.

सुट्ट्या पैशांवरून होणारी जुनी वादावादी आता बरीच कमी झाली आहे. 2023 पासून कंडक्टरकडचा क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआयने तिकीट काढता येते. 2024 मध्ये आलेल्या 'आपली पीएमपीएमएल' या ॲपवर बस कुठवर आली हे दिसते, तिकीट आणि पासही मिळतो.

तीन बस एकदम का येतात?

अर्धा तास बस नाही आणि मग एकाच क्रमांकाच्या तीन बस एकापाठोपाठ येतात, हा अनुभव निगडीपासून न्यूयॉर्कपर्यंत सगळ्यांचा आहे. लोक याचे खापर चालकावर फोडतात. खरे कारण गणितात आहे. गॉर्डन नेवेल आणि रेन पॉट्स या दोन संशोधकांनी ते 1964 मध्येच मांडून दाखवले.

समजा निगडीहून दर दहा मिनिटांनी बस सुटते. एका बसला आकुर्डीच्या सिग्नलला दोन मिनिटे उशीर झाला. तेवढ्या वेळात पुढच्या थांब्यावर दोन मिनिटांचे प्रवासी जास्त जमले. त्यांना चढायला वेळ लागला, म्हणून बस आणखी मागे पडली. पुढच्या थांब्यावर त्याहून जास्त गर्दी. मागून येणाऱ्या बसला मात्र थांबे रिकामे मिळत जातात, तिला कुठे फारसे थांबावे लागत नाही, आणि दापोडीला पोचेपर्यंत ती पुढच्या बसला गाठते. एकदा उशीर झाला की तो आपोआप वाढतच जातो. म्हणूनच पुढची बस खचाखच आणि मागची अर्धी रिकामी असते.

यात प्रवाशाचे नुकसान किती, तेही मोजता येते. तासाला सहा बस नीट दहा-दहा मिनिटांनी आल्या तर माणूस सरासरी पाच मिनिटे थांबतो. त्याच सहा बस जोडीजोडीने, वीस मिनिटांच्या अंतराने आल्या तर सरासरी थांबणे दहा मिनिटांवर जाते. बस तेवढ्याच, डिझेल किंवा सीएनजी तेवढाच, पगारही तेवढेच, आणि लोकांचा वाट पाहण्याचा वेळ दुप्पट. म्हणून परिवहन सेवेचा कस "किती बस आहेत" यावर लागत नाही, "किती नेमाने येतात" यावर लागतो. स्थानकावर वेळ पाळून बस सोडणारा माणूस, बसची जागा दाखवणारी यंत्रणा आणि बसची वेगळी मार्गिका या तिन्ही गोष्टी त्यासाठीच असतात.

प्रवाशालाही यातून एक धडा घेता येतो. पहिली बस लोंबकळणाऱ्या गर्दीची असेल तर ॲपवर मागची पाहावी. बऱ्याचदा ती दोन-तीन मिनिटांवर असते आणि तिच्यात बसायला जागा असते.

मेट्रो आली, बसचे काय?

6 मार्च 2022 रोजी पीसीएमसी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली. 1 ऑगस्ट 2023 ला ती सिव्हिल कोर्टपर्यंत आणि 29 सप्टेंबर 2024 ला स्वारगेटपर्यंत पोचली. पीसीएमसीपासून निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापर्यंतच्या विस्ताराला 2023 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. म्हणजे जिथे बस सर्वांत जास्त होती, त्याच कण्यावर मेट्रो आली.

यावर पुष्कळांना वाटते की आता बसची गरज कमी झाली. घडायला हवे ते उलटे आहे. मेट्रोने कणा सांभाळला तर तिथल्या बसचा काही भाग फाट्यांवर वळवता येतो. संत तुकारामनगर, नाशिक फाटा किंवा पीसीएमसी स्थानकाला उतरलेल्या माणसाचा प्रवास तिथे संपत नाही. त्याला मोशी, चिखली, रहाटणी किंवा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत जायचे असते. तिथपर्यंत दर दहा मिनिटांनी बस मिळाली तर तो मेट्रोने येईल. न मिळाली तर मेट्रोच्या खालूनच दुचाकीवरून जाईल. मेट्रोचे यश मेट्रोखालच्या थांब्यावर ठरते.

चाकणची वाट

या भागातल्या बसची खरी परीक्षा पुणे-नाशिक महामार्गावर होते. भोसरीहून मोशी ओलांडली, इंद्रायणीचा पूल मागे टाकला की पिंपरी-चिंचवडची हद्द संपते आणि चाकणचा पट्टा सुरू होतो : कुरुळी, निघोजे, नाणेकरवाडी, म्हाळुंगे, खराबवाडी, आंबेठाण. बजाज, महिंद्रा, फोक्सवागन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लघुउद्योग इथे आहेत. देशाच्या वाहन उद्योगातल्या या मोठ्या केंद्रात काम करणारा माणूस कामावर कसा पोचतो, हे पाहण्यासारखे आहे.

कायम कामगाराला कंपनीची बस असते. पाळीच्या वेळी ती चौकात येते, त्याला प्रवेशद्वारापर्यंत नेते आणि परत आणते. टेल्कोच्या काळापासून ही पद्धत चालत आली आहे आणि पिंपरीतल्या कितीतरी घरांचे घड्याळ कंपनीच्या बसवरच चालले. पण आज कारखान्यांत कंत्राटी कामगार, शिकाऊ उमेदवार आणि लघुउद्योगांतले कामगार मोठ्या संख्येने आहेत. त्यातल्या अनेकांना ही बस नाही. त्यांच्यासाठी उरते पीएमपी, एसटी, दाटीवाटीने भरलेली शेअर रिक्षा किंवा कर्ज काढून घेतलेली दुचाकी. चाकणच्या तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात पाळी सुटताना होणाऱ्या कोंडीत याच दुचाकी अवजड कंटेनरच्या मधून वाट काढत असतात. तिथे जीव जातात.

पीएमपी भोसरीमार्गे चाकण आणि राजगुरुनगरपर्यंत धावते. तिच्या अडचणी दोन. पहिली : महामार्गावरचा थांबा आणि कारखान्याचे दार यांत दोन-तीन किलोमीटर असतात. हे शेवटचे अंतर चालणाऱ्याला, विशेषतः रात्रपाळीहून सुटलेल्या बाईला, परवडणारे नाही. दुसरी : हद्द. महापालिका तूट भरतात त्या आपापल्या नागरिकांसाठी, आणि चाकण दोन्ही महापालिकांच्या बाहेर आहे. म्हणून 70 रुपयांचा पास इथे चालत नाही. हद्दीबाहेरचा दैनंदिन पास 150 रुपयांचा आहे. भोसरी-चाकण हे अंतर पंधरा ते वीस किलोमीटरच्या टप्प्यात येते, म्हणजे जाऊन-येऊन 80 रुपये. तेव्हा चाकणच्या कामगाराने पास काढण्यापेक्षा साधे तिकीटच घ्यावे, हा हिशेब. पण भोसरीला पोचण्यासाठी आधी दुसरी बस धरावी लागत असेल, तर त्याचा दिवसाचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास जातो. पगार कमी असलेल्या माणसालाच शहरातल्या प्रवाशापेक्षा महाग प्रवास करावा लागतो, ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी खोट आहे.

तिच्यावरचा उपायही अवघड नाही. पाळीच्या वेळा ठरलेल्या असतात, किती माणसे कुठून येतात हे कारखान्यांना ठाऊक असते. औद्योगिक वसाहतीत आत वळणाऱ्या, पाळीला धरून सुटणाऱ्या फेऱ्या आखता येतात. त्यांचा खर्च महापालिका, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि उद्योग यांनी वाटून घेता येतो. 2007 मध्ये दोन महापालिकांनी वाटा ठरवून एक कंपनी उभी केली होती. तिसऱ्या आणि चौथ्या वाटेकऱ्याला त्यात आणणे त्याहून कठीण नाही.

वाचकाने काय करावे

नव्या माणसासाठी एवढे पुरे : ॲप घ्यावे, आपल्या घराजवळचा आणि कामाजवळचा जोडचौक ओळखावा, थेट बसचा हट्ट सोडावा, आठवड्याचा खर्च मांडून पास काढावा आणि शेवटच्या बसची वेळ कंडक्टरला आधीच विचारून ठेवावी, कारण रातराणी, म्हणजे रात्रीची बस, मोजक्याच मार्गांवर असते.

आणि जुन्या रहिवाशाने आणखी एक काम करावे. दोन्ही शहरांतले मिळून दहा लाखांच्या आसपास लोक रोज पीएमपीने जातात, पण निवडणुकीच्या सभांत बसचा विषय निघाला की चर्चा नव्या गाड्यांच्या संख्येवरच थांबते. पुढच्या वेळी प्रभागात मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारा : आमच्या थांब्यावर सकाळी आठ वाजता किती मिनिटांनी बस येईल? उत्तर मिनिटांत मागा, आणि निवडून आल्यावर घड्याळ लावून तपासा.